घरपट्टीतील सवलत

मालमत्ताकर हा नगरपालिका व महानगरपालिका यांच्या उत्पन्नाचा एक प्रमुख आधार होय. बोलीभाषेत त्यालाच घरपट्टी म्हणतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकास पुणे महानगरपालिका १९७० पासून करआकारणीत ४० टक्के सवलत देत असे. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर राज्य शासनाने ती रद्द केली.

याचा हिशेब असा. समजा, सवलतीविना कर ५,००० रुपये आहे. सवलत असताना ३,००० रुपयेच भरावे लागत. ती गेली की बिल २,००० रुपयांनी, म्हणजे सुमारे ६७ टक्क्यांनी वाढते. ही वाढ ४० टक्क्यांचीच असेल, असा पुष्कळांचा समज असतो. बऱ्या पगाराच्या कुटुंबाला हे दोन हजार रुपये खटकतील. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धेला मात्र ते औषध किंवा किराणा यांतूनच काढावे लागतात. शिवाय कर थकला, की दरमहा २ टक्के शास्ती!

२०२३ मध्ये सवलत पुन्हा लागू झाली. तरीही जिची सवलत बंद झाली होती, तिला आपण त्याच घरात राहतो याचा पुरावा जोडून अर्ज करावा लागला. भाडेकरूंसाठी ही सवलत कधीच नव्हती. कराचे बिल घरमालकाच्या नावे निघते. त्याचा भार बहुधा भाड्यातून भाडेकरूवरच येतो.