स्पॉकचा मेंदू : एका नावडत्या कथाभागाची बाजू

एखादी कथा वाईट आहे असे दहाजणांनी एकमुखाने सांगितले, म्हणजे अकरावा मनुष्य ती वाचण्याचे किंवा पाहण्याचे कष्टही घेत नाही. तो ऐकीव मत स्वीकारतो आणि तेच पुढे सांगतो. अशा रीतीने बदनाम झालेल्या एका विज्ञानकथेची बाजू आज विद्यार्थी मित्रांसमोर मांडावयाची आहे. तिचे दोष मात्र लपवावयाचे नाहीत. कारण दोष झाकून केलेली वकिली फार काळ टिकत नाही.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकेतील दूरचित्रवाणी मालिका १९६६ ते १९६९ या काळात दाखविली गेली. पुढे १९८० नंतरच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखविली. ‘एंटरप्राइझ’ नावाचे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, डॉक्टर मॅकॉय आणि तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक ही तिची मुख्य पात्रे. मालिकेचे एकूण ७९ भाग झाले. दुसऱ्या वर्षी ती बंद पडणार अशी वार्ता पसरली, तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा वर्षाव करून ती वाचविली. साहजिकच तिसऱ्या पर्वाकडे सर्वांचे डोळे लागले होते. २० सप्टेंबर १९६८ रोजी त्या पर्वाचा पहिला भाग दाखविला गेला, तो ‘स्पॉकचा मेंदू’ हा होय. तो पाहून प्रेक्षकांचा विरस झाला. मालिकेतील सर्वांत वाईट भाग म्हणून आजही बहुधा त्याचेच नाव प्रथम घेतले जाते. खुद्द स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांनीही त्याच्या चित्रणाच्या वेळी आपल्याला संकोच वाटत होता, असे पुढे लिहून ठेवले आहे.

कथानक थोडक्यात असे. कारा नावाची एक परकी स्त्री यानावर येते, सर्वांना बेशुद्ध करते आणि स्पॉकचा मेंदू काढून घेऊन नाहीशी होते. मेंदूवाचून स्पॉकचे शरीर केवळ चोवीस तास जगविता येणार असते. शोध घेत कर्क आणि त्याचे सहकारी एका हिमाच्छादित ग्रहावर पोचतात. तेथे पुरुष भूपृष्ठावर थंडीत रानटी अवस्थेत राहतात, तर स्त्रिया जमिनीखालच्या सुखसोयींनी युक्त नगरात. त्या नगराची ऊब, हवा आणि पाणी यांचे नियंत्रण एका मेंदूकडून चालते; त्यासाठीच स्पॉकचा मेंदू पळविलेला असतो.

या कथेवरील आक्षेप खरे आहेत. मेंदू काढला तरी स्पॉकचे केससुद्धा विस्कटलेले दिसत नाहीत. त्याचे मेंदूविरहित शरीर एका लहानशा यंत्राने चालविले जाते, ते पाहून हसूच येते. मानवी मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. मज्जातंतूंच्या बारा जोड्या आणि मज्जारज्जू यांनी तो शरीराशी जोडलेला असतो. तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत सांधणे आजच्या वैद्यकालाही साधलेले नाही. शिवाय नगरातील स्त्रिया बालबुद्धीच्या दाखविल्या आहेत. तो त्या काळचा पूर्वग्रह असून त्याचे समर्थन करता येत नाही.

मग या कथेत उरते काय? प्रथम तिचा काळ लक्षात घ्या. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले रोपण केले. तो रोगी अठरा दिवस जगला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले; तो रोगी काही तासच जगू शकला. हृदय बदलता येते, तर मेंदूचे काय, हा प्रश्न त्या वर्षी अगदी ताजा होता. ‘अमुक शक्य झाले तर पुढे काय होईल?’ असे विचारणे हेच विज्ञानकथेचे काम. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डावे-उजवे उलटण्याची कल्पना आपण मान्य करतोच ना? तेवढी सवलत या कथेलाही द्यावयास हवी.

ती दिली की नगराकडे नीट पाहता येते. आपल्या बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीचे उदाहरण घ्या. भूमिगत खाणीत वारा खाली पोचवावा लागतो, झिरपणारे पाणी अखंड उपसावे लागते आणि माणसांना वर-खाली ने-आण करावी लागते. हे सारे चालविणारी माणसे तेथे असतात आणि यंत्र बिघडले तर काय करावे, हे त्यांना ठाऊक असते. कथेतील नगराला असाच वारा आणि पाणी लागते; परंतु ती यंत्रणा कशी चालते हे तेथे राहणाऱ्या एकीलाही माहीत नाही. पूर्वजांनी ती उभारली, वारसांनी ती केवळ वापरली.

येथेच कथेचा गाभा आहे. मेंदू काढण्याची अवघड शस्त्रक्रिया काराने केली कशी? त्या नगरात ‘शिक्षक’ नावाचे एक शिरस्त्राण आहे. ते डोक्यावर घातले की पूर्वजांचे ज्ञान क्षणात मिळते. मात्र काही वेळाने ते विरून जाते. म्हणूनच कर्क तिला जाब विचारतो, तेव्हा मेंदू म्हणजे काय हेसुद्धा तिला समजत नाही! प्रेक्षक या प्रसंगी हसतात. पण विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेले उत्तर महिन्याभराने आपल्यापैकी किती जणांना आठवते? आपले ते घोकणे आणि काराचे ते शिरस्त्राण यांत अंतर कितीसे आहे?

पुढे तेच शिरस्त्राण डॉक्टर मॅकॉय घालतो आणि मेंदू परत बसविण्यास आरंभ करतो. अर्ध्यावर त्याचेही उसने ज्ञान ओसरू लागते. परंतु तोवर स्पॉकची वाणी जोडून झालेली असते. मग स्पॉक स्वतःच एकेक पायरी सांगत जातो आणि डॉक्टर काम तडीस नेतो. शिरस्त्राण एकच, पण ते उतरल्यावर दोन मस्तकांत दोन वेगळ्या गोष्टी उरल्या. काराजवळ काहीच उरले नाही; डॉक्टरजवळ वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेले हात उरले. दुसऱ्याने सांगितलेलेही तोच उपयोगात आणू शकतो, ज्याने स्वतः काही कमावलेले असते. एवढे सांगणारी कथा सर्वांत वाईट कशी म्हणावी?

आपल्या हट्ट्याची जुनी बावडी गोंड राजवटीची खूण म्हणून सांगितली जाते. तिच्या पायऱ्या उतरताना क्षणभर थांबून विचार करावा. पाणी कोठे लागेल, मातीचा दाब कोणती भिंत सोशील, खांबावर किती भार घालावा, हे ज्यांनी जाणले त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले, म्हणून ती उभी राहिली. आज आपण तशी बावडी बांधू शकू काय? नसेल, तर आपणही काही अंशी त्या नगराचे रहिवासीच नाही का?

कथेच्या शेवटी कर्क स्पॉकचा मेंदू परत घेतो. नगरातील स्त्रिया घाबरतात. आता ऊब देणारे कोणी नाही. कर्क त्यांना सांगतो की, वर येऊन पुरुषांबरोबर राहावे आणि आपल्या हातांनी जगणे शिकावे. त्यासाठी तो मदतही देऊ करतो. वरवर पाहता ही शिक्षा वाटते, पण वस्तुतः तो त्यांच्या शाळेचा पहिला दिवस आहे.