अकरावीत बास्केटबॉल बंद करू नका

दहावीचा निकाल लागला की मुंबईतल्या गिरगावच्या फणसवाडी, ठाकूरद्वार, चिराबाजार या पट्ट्यातले पालक करिअर समुपदेशकांकडे एकच प्रश्न घेऊन येतात. मुलगी शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे, जिल्हा पातळीवर खेळली आहे, टक्केही बरे आहेत. आता खेळ बंद करून कॉम्प्युटर इंजिनीअरिंगसाठी इंटिग्रेटेड क्लास लावायचा ना? विचारायची पद्धत प्रश्नाची असली तरी बहुतेक घरांत निर्णय झालेला असतो. क्लासचा पहिला हप्ता भरलेला असतो आणि समुपदेशकाने नुसती मान डोलवायची असते.

मान डोलवण्याआधी मुलीला एकदा विचारायला हवं. जिला गणिताची, प्रोग्रॅमिंगची मनापासून ओढ आहे तिने इंजिनीअरिंगला जावं, त्यात वाद नाही. वाणिज्य, सीए, कायदा, बँकेच्या परीक्षा या वाटांची माहिती गिरगावात दारोदार मिळते. ज्या मुलीला यातलं काहीच खुणावत नाही आणि केवळ शेजारची मुलं जातात म्हणून तिला त्याच रांगेत उभं केलं जातं, तिच्याबद्दल इथे बोलायचं आहे. तिच्यासाठी आणखी एक व्यवसाय आहे आणि त्याचं नावही या घरांत निघत नाही: मुलींच्या संघाची प्रशिक्षक.

नाव निघालं, की लगेच ‘त्यात काय भविष्य?’ असं विचारलं जातं. त्यासाठी नाशिकच्या शैलजा जैन यांचं उदाहरण पाहावं. खेळ कबड्डीचा, पण व्यवसाय तोच. २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत महिला कबड्डीचं सुवर्ण भारताने जिंकलं होतं. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं मुली घडवलेल्या या बाईंनी परक्या देशात जाऊन कामापुरती फारसी शिकून घेतली, खेळाडूंना योगासनं आणि प्राणायाम करायला लावले आणि आशियातला सर्वांत बलाढ्य संघ हरवून दाखवला. नाशिकच्या मैदानावर कमावलेल्या ज्ञानाला दुसऱ्या देशाने मानाने बोलावून घेतलं. याहून वेगळं भविष्य ते कोणतं?

बास्केटबॉलमधलं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची प्रशिक्षक झाली तेव्हा ती २२ वर्षांची होती. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची, मुलींचे गणवेशही तीच धुवायची. त्याच काळात ती स्वतः खेळतही होती. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तिने अमेरिकेकडून रौप्यपदक जिंकलं. २०१२ मध्ये तिने काम थांबवलं तेव्हा तिच्या नावावर १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं होती. पालकांनी मात्र विजयांपेक्षा दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्याकडे ज्या मुली पूर्ण मुदत खेळल्या, त्या सगळ्या पदवीधर झाल्या. खेळाने अभ्यास बुडतो, असं ठामपणे सांगणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

त्याच अमेरिकेत एक धडा आपल्यासाठीही आहे. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा १९७२ चा ‘टायटल नाईन’ कायदा आला त्या सुमारास तिथल्या कॉलेजांतल्या महिला संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. पुढे या कामात पैसा आला, पुरुष आले आणि स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. आपल्याकडेही मुलींच्या कितीतरी संघांना पुरुषच शिकवतात. त्यांतले अनेक उत्तम शिकवतात, पण परगावच्या स्पर्धेला मुलीला पाठवताना घरची माणसं पहिल्यांदा हेच विचारतात, की सोबत बाई कोण आहे? चांगल्या महिला प्रशिक्षकाची गरज आपण सगळेच बोलून दाखवतो. आपल्या मुलीने मात्र ती गरज भागवावी, असं कुणाला वाटत नाही.

फणसवाडीला बास्केटबॉल परकाही नाही. वायएमसीएने हा खेळ भारतात रुजवला आणि मुंबईतलं त्याचं माहेरघर नागपाडा इथून बसने थोड्या अंतरावर आहे. प्रशिक्षक बच्चू खान यांनी तिथल्या गल्लीतली पोरं उचलून घडवली. १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर त्याच वस्तीतले. गरिबीच्या वस्तीतून भारताचे खेळाडू निघाले, कारण रोज संध्याकाळी मैदानात उभा राहणारा एक प्रशिक्षक होता. मुलींच्या वाट्याला असे प्रशिक्षक कमी आले, तरी पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं कर्णधारपद भूषवलं आणि नागपूरची सिया देवधर भारताकडून खेळली.

प्रशिक्षक नेमकं काय करते? शिट्टी वाजवणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. रिबाउंडसाठी उडी मारून खाली येताना एखाद्या मुलीचे गुडघे आतल्या बाजूला वळतात. बघणाऱ्यांचं लक्ष चेंडूवर असतं, प्रशिक्षकाचं त्या गुडघ्यांवर. गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची इजा मुलींमध्ये मुलांपेक्षा काही पटींनी जास्त आढळते आणि ती झाली तर वर्ष वाया जातं. म्हणून प्रशिक्षक सराव थांबवते. मुलीला पायरीवरून पुन्हा पुन्हा उडी मारायला लावते. दोन्ही पाय एकदम टेकव, गुडघे वाकव, पावलांच्या रेषेत ठेव, आवाज होऊ देऊ नकोस. हे चार दिवस नाही, सगळा हंगाम चालतं. कुठल्या मुलीची पाळी सुरू आहे, कोण उपाशी आली आहे, चार फाऊल झालेल्या खेळाडूला कधी बसवायचं आणि कधी परत उतरवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात एकाच वेळी असतं. संघात सगळ्यात जास्त गुण करणारीच चांगली प्रशिक्षक होते असं नाही. बाकावर बसून ‘तिला डावीकडून जाऊ देऊ नका’ असं ओरडणारी मुलगी या कामासाठी जास्त योग्य असू शकते. घरात अशी मुलगी असेल तर तिच्याकडे नीट पाहा.

आता रस्ता. आधी कुठलीही पदवी, मग शारीरिक शिक्षणातलं दोन वर्षांचं बीपीएड आणि दोन वर्षांचं एमपीएड. मुंबईत वडाळ्याला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. निव्वळ प्रशिक्षणात उतरायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका. थोड्या दिवसांत ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’चं चकचकीत प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या नादी लागू नये, त्याने मैदानावरचं काम येत नाही.

पैशाचंही स्पष्ट बोलू. नुसतं हंगामी मानधन घेऊन कॉलेजचा संघ सांभाळणाऱ्या प्रशिक्षकाचं घर मुंबईत चालत नाही. सुरुवातीची काही वर्षं शाळा, क्लब आणि कॉलेज अशी दोन-तीन कामं जोडूनच काढावी लागतात. कायम नोकरी मिळाली तर चित्र बदलतं: महाविद्यालयातल्या क्रीडा संचालकाची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाची, म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. पण कायम जागा थोड्या भरल्या जातात आणि वाट पाहावी लागते. खेळाडू म्हणून रेल्वेची नोकरी हा दुसरा आधार. देशातल्या आघाडीच्या बहुतेक महिला बास्केटबॉलपटू रेल्वेतच आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे.

अकरावीत खेळ सोडणाऱ्यांना एक नियम कुणीच सांगत नाही. क्रीडा संचालक होण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाला एमपीएडला ५५ टक्के आणि नेट-सेट लागतं. तीस वर्षांपर्यंतच्या महिलांना आठ मिनिटांत १,००० मीटर धावण्या-चालण्याची चाचणीही द्यावी लागते. त्याशिवाय उमेदवार आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेली असावी लागते. पुस्तकं वाचून ही अट पुरी होत नाही. कॉलेजची ती वर्षं क्लासच्या बाकावर गेली, तर तिशीत कितीही पश्चात्ताप झाला तरी ती परत आणता येत नाहीत.

तेव्हा आई-बाबांनी यंदा एवढं करावं. क्लासचा दुसरा हप्ता भरण्याआधी मुलीच्या प्रशिक्षकांना भेटावं आणि तिला खेळ किती कळतो, हे विचारावं. मुलींचा संघ खरोखर मैदानात उतरवणारं कॉलेज निवडावं. आणि ती खेळली त्या प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, मग ते सहभागाचं का असेना, दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवावं. ते पुढे मागितलं जाणार आहे.