बंदिवानांची नावे

शास्त्रपाठ : मत्तय २५:३१-४६, रोमकरांस १२:१७-२१.
मुख्य विचार : ज्याच्या पक्षाने आपल्यास छळले, त्याचेही नाव देवापुढे मोलाचे आहे.



न्यायाच्या दिवशी राजा ज्या कृत्यांविषयी बोलेल, त्यांत बंदिशाळेत असलेल्याचा समाचार घेणे हे शेवटचे आहे. भुकेल्यास भाकर द्यावी हे आपल्यास समजते. परंतु बंदिवान म्हटला की, ‘केले तसे भोगतो,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मग तो बंदिवान आपला वैरीच असला तर? ह्याचा विचार करण्याकरिता अमेरिकेतील यादवी युद्धातील एक खरी हकिकत पाहू.

१. युद्ध व अदलाबदल. हे युद्ध १८६१ पासून १८६५ पर्यंत चालले. दक्षिणेकडील संस्थाने गुलामगिरी राखण्याकरिता फुटून निघाली होती. प्रथम दोन्ही पक्ष बंदिवानांची अदलाबदल करीत. पुढे उत्तरेच्या सैन्यात काळे शिपाई दाखल झाले, आणि त्यांस इतरांप्रमाणे युद्धकैदी मानावयास दक्षिणेने नकार दिला. मुख्यत्वेकरून ह्याच कारणाने १८६३ साली अदलाबदल थांबली व छावण्या भरून वाहू लागल्या. दक्षिणेत अँडरसनव्हिल येथे सुमारे ४५,००० बंदिवान ठेवले गेले. त्यांतील जवळजवळ १३,००० मरण पावले. परंतु पाप एकाच पक्षाकडे नव्हते. उत्तरेकडेही एल्मायरा होते.

२. एल्मायराची छावणी. न्यूयॉर्क संस्थानातील एल्मायरा गावी जुलै १८६४ मध्ये ही छावणी उघडली, आणि एका वर्षात तेथे सुमारे १२,००० बंदिवान आले. लाकडी बराकी पुरेनात, म्हणून हजारो माणसे तंबूंत राहिली. ती उष्ण मुलखातील होती, आणि एल्मायराचा हिवाळा बर्फाचा. आवारातच एक साचलेले तळे होते. सर्व घाण त्यातच जाई. दक्षिणेत आपल्या माणसांचे हाल होतात ह्याचा सूड म्हणून सरकारने शिधा कमी केला. ताजी भाजी नसल्यामुळे हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई. हगवण, फुप्फुसाचा दाह व देवी ह्यांनी माणसे पटापट मेली. भुकेने कित्येकांनी उंदीर मारून खाल्ले. उंदरांची देवघेवही चाले. कित्येक जण हाडांच्या अंगठ्या कोरून विकीत. कुंपणाबाहेर उंच मचाण उभारून, पैसे घेऊन, गावच्या लोकांस हे बंदिवान दाखविण्यात येत. माणसाचा तमाशा झाला! जवळजवळ ३,००० बंदिवान तेथेच वारले.

३. जॉन जोन्स. ह्या मृतांस कोणी पुरले? जॉन डब्ल्यू. जोन्स नावाच्या काळ्या मनुष्याने. तो १८१७ साली व्हर्जिनियात दास्यात जन्मला व १८४४ साली पळून, सुमारे ३०० मैलांची वाट तुडवीत एल्मायरास पोहोचला. तेथील बाप्टिस्ट मंडळीच्या मंदिराची व कबरस्तानाची व्यवस्था तो पाहत असे. पळून आलेल्या शेकडो दासांस त्याने लपवून पुढे सुखरूप पोहोचविले. अशाच्या हाती आता दक्षिणेच्या शिपायांची प्रेते आली. त्याच्यासारख्यांस गुलाम ठेवण्याकरिता ते लढले होते. त्याने प्रत्येकाचे नाव, पलटण व मरणाची तारीख लिहून ठेवली, आणि कबरेवर नावाची फळी उभी केली. सुमारे ३,००० कबरींपैकी केवळ सातच अनोळखी राहिल्या. पुढे दगड बसविण्यात आले, तेव्हा त्यांवरील नावे त्याच्याच नोंदींवरून घेतली गेली.

४. आपणांस बोध. (अ) जोन्स ह्यास प्रत्येक प्रेतामागे अडीच डॉलर मिळत. तेव्हा हे काम त्याने फुकट केले असे आपण म्हणू नये. परंतु मजुरी तर खड्ड्यात कसेबसे लोटणाराही घेतो. वैऱ्याच्या नावातील अक्षरही चुकू नये, ही काळजी पैशाने विकत मिळत नाही.

(आ) मेलेले जनावर ओढणे, मरणाची वर्दी देणे ही कामे आपल्यातील पुष्कळांच्या वाडवडिलांच्या माथी मारली गेली होती. तो जुलूम होता, आणि त्यास जुलूमच म्हणावे. परंतु जगाने हलके मानलेले काम देवापुढे हलके नसते, हे जोन्सने दाखविले.

(इ) वैऱ्यावर प्रीती करणे म्हणजे अन्यायास न्याय म्हणणे नव्हे. पळालेल्या दासांस आश्रय देणारा हात व बंदिवानांची नावे लिहिणारा हात एकच होता. जो गुलामगिरीपुढे वाकला नाही, तोच मेलेल्या वैऱ्याकरिता वाकला. सरकारने सुडाने शिधा कापला. जोन्सपाशी सुडास अधिक कारण होते, तरी त्याने सूड घेतला नाही. रोमकरांस लिहिताना पौल वाईटास बऱ्याने जिंकावयास सांगतो, तो असा.

घरच्या उपासनेकरिता प्रश्न :
१. आपल्या गावातील कोण तुरुंगात आहे? त्याच्या घरच्यांची विचारपूस आपल्या मंडळीने केली आहे काय?
२. ज्यांनी आपल्यास पाणवठ्यावरून हाकलले, त्यांच्या घरी मृत्यू झाला तर आपण काय करू?
३. कोणाचे नाव आपण प्रार्थनेत मुद्दाम घेत नाही? आज ते घ्यावे.