आणीबाणीतील बालरुग्ण आणि संमतीची सही

कापूस वेचणीचे दिवस होते. जैनथकडील सहा वर्षांच्या मुलाला मण्यार चावली. आईवडील मजुरीसाठी पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात गेलेले. मुलाला घेऊन शेजारी आला. पापण्या मिटत चाललेल्या, श्वास उथळ. श्वासनलिकेत नळी घालणे अटळ होते. हाती नळी घेतलेला पदव्युत्तर विद्यार्थी मात्र विचारीत होता, “सर, सही कोणाची घेऊ?”

त्याची भीती मला परकी नव्हती. आमच्या वेळी न्यायवैद्यक म्हणजे शवविच्छेदन, असाच समज असे. आपत्कालीन वैद्यकाला एम.डी.ची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यताही २००९ मध्ये मिळाली.

परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचविण्याच्या आड कायदेशीर सोपस्कार येऊ नयेत. संमतीसंबंधी दंड संहितेचे कलम ९२ होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम ३० झाले. रुग्ण संमती देण्यास असमर्थ असेल आणि पालकाची संमती वेळेत मिळणे अशक्य असेल, तर त्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेला उपचार संमतीअभावी गुन्हा ठरत नाही. पण कायद्याच्या परिभाषेत योग्य दक्षतेवाचून सद्भावना नाही! म्हणूनच वेळ, श्वासाची स्थिती, पालकांना केलेले दूरध्वनी, दुसऱ्या डॉक्टरांचे मत ही नोंद तिथल्या तिथे व्हावी.

विद्यार्थ्याने नळी घातली. नोंद मी लिहिली. वडील मध्यरात्री पोहोचले, तेव्हा मूल कृत्रिम श्वासावर स्थिर होते. तो कागद मी त्यांना मराठीत वाचून दाखविला.