अँथुरियम जयपूरला आलं आणि रुसलं

प्रश्न : बदलीमुळे पुण्याहून जयपूरला आलो. पुण्यात बैठकीत वर्षभर फुलणाऱ्या अँथुरियमच्या पानांच्या कडा मे महिन्यापासून करपल्यात, फूल तर एकही नाही. रोज दोनदा पाणी घालते. आणखी वाढवू का?
– एक वाचक, मालवीय नगर, जयपूर

उत्तर : ताई, वाढवू नका, कमी करा. कडा करपल्या की झाड तहानलंय असं वाटतं, पण बहुधा तुमच्याकडची कोरडी हवा आणि क्षारयुक्त पाणी नडतंय. मातीवर पांढरी पापुद्री दिसते का बघा. अँथुरियम मूळचं अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांतलं. तिथे त्याच्या अनेक जाती झाडांच्या खोडांवर वाढतात. चिखलात मुळं गुदमरतात. बोट खुपसून पाहा, वरची माती सुकली असेल तरच पाणी द्या, तेही आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं. आरओतून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार जास्तच असतात.

ब्लू पॉटरीच्या देखण्या कुंडीला तळाशी भोक नसेल, तर झाड साध्या कुंडीत लावून ती आत ठेवा. साचलेलं पाणी ओतून टाका.

उन्हाळ्यात जाड पडदे दिवसभर ओढलेले असतील, तर फुलं येणार कुठून? पूर्वेच्या खिडकीशी, विरळ पडद्याआड ठेवा. कूलरचा ओलावा चालेल, थेट झोत नको. डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकीपासून दूर सरकवा. करपलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, पण नवं पान निरोगी आलं की समजा जमलं. खत तेव्हाच, तेही पातळ करून.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल, तर कुंडी उंचावर हवी. पान चावल्यास तोंडाची आग होते.