गिऱ्हाइकाच्या खिशातली चिठ्ठी : कुकी लिहायची कशी, वाचायची कशी?

समजा, भूममध्ये तुमची खव्याची भट्टी आहे आणि ऑर्डरसाठी तुम्ही छोटी वेबसाइट बनवलीय. पुण्याच्या एका ताईंनी २ किलो खवा निवडला आणि घरात विचारायला फोन बाजूला ठेवला. संध्याकाळी साइट उघडली तर टोपली रिकामी! पुन्हा कोण भरत बसतंय? ऑर्डर गेली.

असं का होतं? वेब सर्व्हरला आपणहून आठवण नसते. पान उघडणारा प्रत्येक वेळी त्याला नवाच. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. ऑनलाइन दुकानाची टोपली लक्षात ठेवणं, हाच तेव्हाचा प्रश्न होता. कुकी म्हणजे आपण गिऱ्हाइकाच्या खिशात ठेवलेली चिठ्ठी. तो परत आला की ब्राउझर ती आपोआप दाखवतो.

चिठ्ठी लिहायची कशी?
जावास्क्रिप्टमध्ये ‘डॉक्युमेंट डॉट कुकी’ला एक ओळ द्यायची. ओळीतले भाग अर्धविरामाने वेगळे करायचे :
१. खवा = २. हे नाव आणि मूल्य.
२. मॅक्स-एज = ६०४८००. म्हणजे ७ दिवसांचे सेकंद. मुदत दिली नाही, तर ब्राउझर बंद केल्यावर चिठ्ठी सहसा जाते.
३. पाथ = /. म्हणजे साइटच्या सगळ्या पानांवर चालेल.
कोडमध्ये हे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाइप करा.

वाचायची कशी?
तेच ‘डॉक्युमेंट डॉट कुकी’ वाचायचं. सगळ्या चिठ्ठ्या एकाच ओळीत मिळतात. अर्धविरामावर तोडा, पुढची मोकळी जागा काढा आणि ‘खवा’ शोधा. फक्त नाव आणि मूल्य दिसतं, मुदत दिसत नाही. पुसायची असेल तर त्याच नावाने, त्याच पाथवर, मॅक्स-एज ० देऊन पुन्हा लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या खिशात आहे, म्हणजे तो ती बदलू शकतो. चिठ्ठीत किलोचा भाव लिहिलात, तर कुणीही तो १ रुपया करून पाठवेल! म्हणून चिठ्ठीत फक्त वजन, भाव कायम सर्व्हरवरच. आलेलं वजनही तिथे तपासा. मोबाइल नंबर, पासवर्ड तर चिठ्ठीत नकोच. लॉगिनची कुकी सर्व्हरकडूनच, ‘एचटीटीपी-ओन्ली’ आणि ‘सिक्युअर’ लावून द्या.

आजचा गृहपाठ : स्वतःच्या साइटवर २ किलोची चिठ्ठी लिहा, ब्राउझर बंद करा, पुन्हा उघडा. टोपली भरलेली दिसली, की समजा जमलं!