मूल्य आणि रीत

समाजाच्या चालीरीतींचा विचार करतांना दोन गोष्टींची नेहमीं गल्लत होते. एक सामाजिक मूल्य आणि दुसरी सामाजिक रीत. समाजास काय चांगलें व इष्ट वाटतें हें मूल्यावरून कळतें. अमुक प्रसंगीं मनुष्यानें कसें वागावें हें रीत सांगते. वडील माणसांविषयीं आदर हें मूल्य. ते आले असतां उठून उभें राहणें ही रीत. रीत मोडली तर लोक नांवें ठेवतात, कधीं वाळींतही टाकतात. मूल्याचा पहारा मात्र बहुधा मनुष्याच्या मनांतच असतो.

रीत मूल्यापासूनच जन्मास येते, असें आपण समजतों. परंतु एका मूल्याची रीत दुसऱ्या मूल्याचा घात करूं शकते. ह्याचें उदाहरण पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील महाड येथें घडलें. तहानलेल्यास पाणी देणें हें पुण्य, असें तेथेंही मानीत. तरी तेथील चवदार तळ्यावर गुरेंढोरें पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या मनुष्यास ओंजळ भरण्याची बंदी होती. दया हें मूल्य तोंडीं होतें. सोवळें हें मूल्य रीतीच्या रूपानें तळ्यावर उभें होतें.

१९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें संमत केला. पुढें महाडच्या म्युनिसिपालिटीनेंही तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरांत राहिला, रीत मात्र हालली नाहीं. शेवटीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मोठ्या जनसमुदायासह जाऊन तें पाणी प्राशन केलें. त्याबद्दल त्या लोकांस मारहाण झाली व तळ्याचें ‘शुद्धीकरण’ करण्यांत आलें. म्युनिसिपालिटीनें आपला ठरावही मागें घेतला. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १९३७ सालीं मुंबई हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या संविधानाच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यताच रद्द केली.

ह्यावरून बोध असा कीं, कोणतें मूल्य समाजास खरोखर प्रिय आहे हें त्याच्या बोलण्यावरून कळत नाहीं; त्याच्या रीतीवरून कळतें. तसेंच, कागदावरचा नियम बदलल्यानें रीत आपोआप बदलत नाहीं; ती मोडण्यास प्रथम कोणी तरी पुढें व्हावें लागतें.

अशी परीक्षा गांवही करूं शकतो. दुःखितांचें सांत्वन करावें हें आपलें मूल्य. परंतु पति वारल्यावर त्याच घटकेस स्त्रीचें कुंकू पुसणें व बांगड्या फोडणें ही आपली रीत. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढें ठेवला. ठरावाप्रमाणें वागणें हें काम मात्र घरोघरचें आहे.

विचारार्थ प्रश्न :
१. आपल्या गांवांतील एक रीत सांगा व तिच्यामागील मूल्य कोणतें तें शोधा.
२. ती रीत कोणास दुःख देते काय?
३. ती बदलावयाची झाल्यास पहिलें पाऊल कोणीं टाकावें?